पाच खुंट्या, पाच रंग

निदेशक म्हणजे काय, हे मी माझ्या सासुरवाडीला एकोणतीस वर्षं समजावून सांगितलं आणि शेवटपर्यंत ते त्यांच्या गळी उतरलं नाही. लग्नात सासऱ्यांनी मांडवभर सांगून ठेवलं होतं की जावई दिग्दर्शक आहेत. दोन मेव्हण्या माझ्याकडे फार आशेने बघत होत्या. शेवटी मीच म्हटलं, अहो, मी आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवतो. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे वायरमन?” आणि माझ्या पानाकडे निघालेली दुसरी जिलबी शेजारच्या पानात पडली. मला त्याचा राग अजून आहे.

तर मी इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक होतो, नवी मुंबईतल्या एका आयटीआयमध्ये. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आता जुईनगरला सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवरून भांडतो. दिवाळी अंकासाठी ‘कामातल्या गमतीजमती’ लिहा म्हणून संपादकांचा आग्रह होता. गमती खूप होत्या. पण लिहायला बसलो की हर्षल समोर येतो आणि बाकीचं सगळं बाजूला पडतं.

आधी धंदा समजून घ्या. आमच्याकडे येणारं पोर बहुधा असं असतं की दहावीला जेमतेम पास, कॉलेजची हौस घरच्यांना परवडत नाही, आणि बाप किंवा आई अशा कामावर की जिथे एक दिवस आजारी पडलं तर चूल अडते. दोन वर्षं आमच्याकडे, मग एक वर्ष कुठल्यातरी कंपनीत अप्रेंटिस, मग सर्टिफिकेट. त्या एका कागदावर मी घरं उभी राहिलेली पाहिली आहेत. पत्रा जाऊन स्लॅब आलेला पाहिला आहे, बहिणींची लग्नं झालेली पाहिली आहेत. डॉक्टर-इंजिनियरांच्या बापांना ते कळणार नाही, पण आमच्या वर्कशॉपमधल्या फळीवर दिवा लागला की एका घरातला अंधार कमी व्हायचा. हे मी भाषण म्हणून सांगत नाही, मोजून सांगतो.

सगळीच काही गरीब नसत. बोनकोड्याच्या एका पाटलाचा मुलगा बुलेटवरून यायचा, गळ्यात चेन. मी विचारलं, तुला काय गरज पडली इथे यायची? तर म्हणाला, “सर, बापाशीची चार माल्यांची बिल्डिंग हाय. भाडोत्री मीटरमधी काय झोल करतात, ते समजाला पायजेल ना.” दोन वर्षांत तो उत्तम शिकला. त्याच्या भाडोत्र्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

आता रंग. वीज दिसत नाही, म्हणून ती वायरीच्या रंगावरून ओळखायची. लाल, पिवळी आणि निळी या करंटच्या वायरी. काळी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी. हिरवी अर्थिंगची, म्हणजे काही बिघडलं तर करंट मुकाट्याने जमिनीत नेऊन सोडणारी. घरात साधारण लाल, काळी, हिरवी एवढंच असतं. लाल जीव घेते, हिरवी जीव वाचवते. पहिल्या दिवसापासून मी हे पोरांकडून पाढ्यासारखं म्हणून घ्यायचो. रोज सकाळी हजेरीनंतर तीस पोरं एका सुरात ओरडायची, लाल, पिवळी, निळी, काळी, हिरवी. शेजारच्या फिटर ट्रेडचा निदेशक वैतागून म्हणायचा, कदम, इथे बालवाडी चालवतोस काय?

मला त्याचा अभिमान होता. मी शिस्तीचा माणूस. माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर पाच खुंट्या होत्या आणि त्यांवर पाच रंगांच्या वायरीची भेंडोळी, डावीकडून त्याच क्रमाने टांगलेली. एकोणतीस वर्षांत तो क्रम बदलला नाही. कुणी निळी काढून काळीच्या जागी टांगली तर मी ताससुद्धा घेत नसे, आधी ती जागेवर. पक्कड जागेवर, टेस्टर जागेवर, झाडूसुद्धा जागेवर. पोरं मला मागून ‘जागेवर सर’ म्हणत, ते मला ठाऊक होतं.

माझ्या शेवटच्या बॅचमध्ये हर्षल होता. उरणकडचा. घराणं मिठागरावरचं. मिठागरं बंद पडली, बाप आधीच गेलेला, आई कंटेनर यार्डाजवळच्या एका गोदामात झाडलोट आणि पॅकिंगचं काम करायची. गोदामात दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. अप्रेंटिस म्हणून यार्डात लागायचं आणि आईचं ते काम बंद करायचं, एवढंच त्याचं ध्येय होतं. ते त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

हर्षल माझा लाडका झाला, आणि का झाला तेही सांगतो, कारण त्यात माझी फुशारकी आहे. तो माझ्यासारखा होता. त्याचं टेबल बघून घ्यावं. कापलेल्या वायरी डावीकडून उजवीकडे ओळीने. एक तुकडा कापायचा, जोडायचा, मगच दुसरा कापायचा. कुणी त्याच्या टेबलाला हात लावला की तो चिडायचा. रंगांचा पाढा म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. मी बाकीच्यांना सांगायचो, शिस्त शिका याच्याकडून. निकिता म्हणून एक मुलगी होती, वर्गात पहिली येणारी. तिचे वडील लातूरकडचे, कोपरखैरण्यात वॉचमन. ती हसून म्हणायची, “सर, तो शिस्तीचा नाही, तो हळू आहे.” मी तिला गप्प बसवायचो. हात मात्र तिचा विजेसारखा चालायचा. दोघांची मैत्री होती, एकाच डब्यातून खायची दोघं.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी आली. आमच्याकडे हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. सगळी मशीनं बंद, वर्कशॉप धुऊन काढायचं, पकडी आणि मोटारी पुसून मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. त्या दिवशी भिंतीवरचं सगळं खाली उतरतं. पूजा मी केली, प्रसाद निकिताने वाटला, आणि उतरवलेलं सामान संध्याकाळी कुणीतरी घाईघाईत परत वर चढवलं. दरवर्षी सुट्टीनंतर सकाळी लवकर येऊन मी ते जागेवर लावायचो. त्या वर्षी दसऱ्यानंतर मला प्राचार्यांनी सकाळीच मीटिंगला बसवलं. मी वर्कशॉपमध्ये पोचेपर्यंत पोरांनी काम सुरू केलं होतं.

काम साधंच होतं. एका लोखंडी डब्यात स्विच, सॉकेट, दिवा जोडायचा. मी तपासत तपासत हर्षलच्या टेबलाशी आलो. दिवा लागत होता, सॉकेट चालत होतं, सगळं नीटनेटकं. मी कौतुकाने झाकण उघडलं आणि माझा हात तिथेच थांबला. स्विचला हिरवी वायर होती. डब्याच्या अंगाला, अर्थिंगच्या जागी, लाल.

वीज मूर्ख असते, तिला रंग कळत नाही. त्यामुळे तो डबा अगदी बरोबर चालत होता. पण उद्या कुणी दुरुस्तीला तो उघडला आणि हिरवी बघून निर्धास्त हात घातला, तर संपलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मला वाटलं, चेष्टा चालली आहे. मी सगळ्यांसमोर ओरडलो, “ही काय थेरं आहेत? जीव घ्यायचाय कुणाचा?”

हर्षलने डब्याकडे बघितलंच नाही. त्याने भिंतीकडे बघितलं, खुंट्यांकडे. मीही बघितलं. कुणीतरी पहिल्या खुंटीवर हिरवी टांगली होती आणि शेवटच्या खुंटीवर लाल. त्याचा चेहरा असा उतरला की माझी शिवी तोंडातच राहिली.

सगळे गेल्यावर मी त्याला थांबवलं. दोन तुकडे कापले, एक लाल, एक हिरवा, आणि त्याच्यासमोर धरले. “लाल कुठली?”

तो बघत राहिला. एक तुकडा उजेडात नेला, दुसरा नेला. मग म्हणाला, “सर, इथं अंधार हाय.”

दुपारचे दोन वाजले होते. खिडकीतून ऊन त्याच्या हातावर पडलं होतं.

मी खाली बसलो. सव्वा वर्ष. सव्वा वर्ष हा पोरगा माझ्यासमोर रोज सकाळी लाल, पिवळी, निळी असं ओरडत होता, आणि त्याला लाल आणि हिरवी एकसारख्या दिसत होत्या. पहिल्या खुंटीवरची ती लाल आणि पाचव्या खुंटीवरची ती हिरवी, एवढंच त्याला ठाऊक होतं. ज्या शिस्तीचा मी टेंभा मिरवत होतो, त्याच शिस्तीच्या आडोशाने तो उभा होता. आणि मी त्याला शाबासकी देत होतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“पहिल्यापासून, सर. शाळेत झाड तांबडं रंगवला, तवा मास्तरनी मारलेला. मंग खडूवर नाव लिहिलेलं असतं ना, ते वाचून रंगवाचो.” मग घाईने म्हणाला, “सर, टेन्शन नका घेऊ. मी मॅनेज करतो. कोनाला सांगू नका. यार्डात लागलो का आईचं काम बंद करनार हाय मी.”

मी त्याची फाइल काढली. प्रवेशाच्या वेळचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं, दृष्टी उत्तम, फिट. ती प्रमाणपत्रं कशी मिळायची ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पोरांची रांग दवाखान्याच्या दाराबाहेर उभी राहायची आणि शिक्का आत मारला जायचा. मीही कधी कुणाला दोन तुकडे दाखवून विचारलं नव्हतं. एकोणतीस वर्षांत एकदाही नाही. असे माझ्या हाताखालून आणखी किती गेले असतील?

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला बोलावलं. बाई गोदामातून तशीच आली होती, पॅकिंगच्या टेपचा तुकडा कोपराला चिकटलेला. मी जमेल तेवढं समजावून सांगितलं. ती रागावली.

“सर, माजा पोर आंधला नाय. बांधावर बसून पान्यात दूरशी होरी दिसली का सांगतो, कोनाची ती. असं डोलं गावात कोनाचं नाय.”

मी म्हटलं, बाई, नजर चांगली आहे त्याची. फक्त रंग कळत नाहीत.

“रंगाचं काय एवरं? परत्येक गोष्ट नीट बगून करतो तो. टोमॅटो आनाला धारला तं येकेक दाबून बगतो. दुकानवाला वरडतो त्याचे नावानी. मना वाटलं, पोर चोखंदल हाय...”

बोलता बोलता ती थांबली. तिने हर्षलकडे बघितलं. तो खाली मान घालून उभा होता. इतकी वर्षं तो टोमॅटो का दाबत होता, ते तिला त्या क्षणी कळलं आणि तिने पदराने तोंड झाकून घेतलं. मला तिच्याकडे बघवेना.

मग मी काय केलं? मी नियमाने वागलो. प्राचार्यांना सांगितलं. रंग न दिसणाऱ्याला हा ट्रेड देता येत नाही, यात त्यांचंही काही चुकलं नाही. त्यांनी सुचवलं की पुढच्या वर्षी फिटरला पहिल्यापासून प्रवेश घे. म्हणजे पुन्हा दोन वर्षं, पुन्हा अप्रेंटिस. हर्षलने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पुढच्या वर्षी तो आला नाही.

आणखी एक गोष्ट मी केली, ती माझ्या मते भलेपणाने. पोराची बेअब्रू नको, म्हणून वर्गाला खरं कारण सांगितलं नाही. त्या दिवशी मी ओरडलो होतो, तेही कुणी मनावर घेतलं नाही, कारण मी रोजच कुणावर तरी ओरडायचो. घरच्या अडचणीमुळे हर्षल सोडून गेला, असं सांगून टाकलं. निकितालासुद्धा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे मला फार उशिरा कळणार होतं.

यार्डात अप्रेंटिसची जी जागा मी मनातल्या मनात हर्षलसाठी धरून ठेवली होती, ती पुढे निकिताला मिळाली. तिचा आनंद मी बघितला. तिचे वडील पेढे घेऊन आले. त्यानंतर मी निवृत्त झालो. पोरांनी निरोपसमारंभात तो पाढा शेवटचा म्हणून दाखवला आणि मी रडलो, हेही कबूल करतो.

निवृत्त होऊन चार महिने झाले असतील. एका सकाळी निकिताच्या वडिलांचा फोन आला. पोरीला यार्डात करंट लागलाय, दवाखान्यात आहे. मी तसाच गेलो. उजव्या हाताचा तळवा भाजला होता, शिडीवरून पडून मनगट मोडलं होतं. दोन बोटांना स्पर्श कळत नव्हता. जीव वाचला होता. वडील व्हरांड्यात उभे होते. माझे हात धरून म्हणाले, “सर, तुमी शिकिवल्यामुळं एवढ्यावर भागलं बगा. दुसरं कुनी असतं तर पोरगी हातची गेली असती.”

मी हात सोडवून घेतले. आत गेलो. निकिता शुद्धीवर होती. रडत नव्हती. तिला फक्त काहीतरी समजत नव्हतं, आणि तेच ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती.

“सर, हिरवी होती. शेडमधल्या एका दिव्याचा पत्रा झिणझिण्या मारत होता. अर्थिंग सुटलं असणार म्हणून मी डबा उघडला. एक हिरवी सैल होती, तीच आवळायची होती. हिरवीलाच हात लावणार होते, म्हणून मेन बंद नाही केला. मेन बंद केला की सगळी शेड बंद पडते, सुपरवायजर ओरडतो. सर, हिरवीच होती ती. मी नीट बघितलं होतं.”

“टेस्टर का नाही लावलास?”

“हिरवीला कशाला लावायचा, सर?”

खरंच होतं. काहीही असो, हात लावण्याआधी टेस्टर लावा, हे मी पोरांना सांगितलं होतं. पण ते कधीमधी सांगितलं होतं. रंग रोज सांगितले होते.

मी विचारलं, तुला ओढलं कुणी? मेन कुणी पाडला?

“हर्षलने,” ती म्हणाली. “तो तिथेच असतो ना, सर. ठेकेदाराकडे. वायरिंगच करतो. मीच त्याचं नाव सुचवलं होतं. घरच्या अडचणीमुळे कोर्स सुटला बिचाऱ्याचा, पण काम किती नीट करतो, तुम्हाला तर माहीत आहे.”

मी खुर्चीचा हात धरला. ठेकेदाराला सर्टिफिकेट लागत नव्हतं, डॉक्टरचा कागद लागत नव्हता. त्याला दोन हात हवे होते. ज्या कामातून मी त्याला नियमाने बाहेर काढलं होतं, त्याच कामात तो मागच्या दाराने शिरला होता, आणि तिथे भिंतीवर खुंट्या नव्हत्या, क्रम नव्हता, तपासायला मी नव्हतो. वायरींचा ढीग जमिनीवर पडलेला असणार आणि त्यातून हाताला लागेल ती ओढायची. निकिताला खरं ठाऊक असतं तर तिने त्याचं नाव सुचवलं असतं का? निदान तो डबा तरी तिने तसा उघडला असता का? ते मी तिला ठाऊक होऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरणला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. हर्षल ओट्यावर बसला होता, कामावर गेला नव्हता. आई आत होती. तिने मला बघितलं आणि पाठ फिरवून ती चुलीकडे वळली.

मी कसं विचारायचं ते रस्ताभर ठरवत आलो होतो. त्याने मला विचारूच दिलं नाही.

“सर, त्या शेडची वायरिंग मी केलीय,” तो म्हणाला. “दोन महिने झाले. तिला लागला ती वायर मीच ओढलेली. पन कोनत्या रंगाची होती, ते मना कसं कलनार? सगले नुसते बगतात माज्याकडं, कोन सांगत नाय. सर, ती कोनती होती?”

खोटं बोलावं असं वाटलं. लाल होती म्हणावं, तिचीच चूक होती म्हणावं, पोराला सोडवावं. आयुष्यभर ज्या पोरांना रंग सांगितले, त्यातल्या ह्या एकाला पहिल्यांदा खरोखर माझ्याकडून रंग हवा होता.

“हिरवी,” मी म्हणालो.

त्याने आपल्या हातांकडे बघितलं. मग विचारलं, “तिचा हात कोनता, सर? उजवा?”

“उजवा.”

तो उठला. मला वाटलं, आत जातोय. पण त्याने खुंटीवरची बॅग घेतली आणि चपला घातल्या. “सर, चला तुमी. त्या शेडात माजे अजून अकरा डबे हायत.”

अकरा डबे, आणि त्यांच्याखाली दिवसभर माणसं वावरत होती. आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून निघालो. वाटेत उरणच्या बाजारात मी त्याला एका इलेक्ट्रिकच्या दुकानापाशी थांबायला सांगितलं आणि फेरूल घेतले. फेरूल म्हणजे वायरीच्या टोकाला घालायचे प्लास्टिकचे बारीक मणी, त्यांवर आकडे छापलेले असतात. मोठ्या पॅनेलमध्ये शेकड्याने वायरी असतात, तिथे रंगांनी भागत नाही, म्हणून हे मणी वापरतात. एक म्हणजे करंट, दोन म्हणजे न्यूट्रल, तीन म्हणजे अर्थिंग, असं काहीही ठरवता येतं. आकडा ज्याला वाचता येतो त्याला वायर ओळखता येते, तिचा रंग दिसो वा न दिसो.

यार्डातला मेन्टेनन्सचा माणूस माझ्याच हाताखालून गेलेला होता. मी त्याला सगळं खरं सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. हर्षलला आत घ्यावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. मी म्हटलं, डबे कुठे कुठे आहेत ते ह्यालाच ठाऊक आहे. त्याने शेड रिकामी केली, मेन बंद केला आणि स्वतः मेनपाशी उभा राहिला.

मग आम्ही कामाला लागलो. हर्षल शिडीवर, मी खाली. मेन बंद असतानासुद्धा तो आधी प्रत्येक वायरीला टेस्टर लावत होता, मग हात. हे माझ्या कधीमधी सांगण्याने आलेलं नव्हतं. रंगांवर विसंबता येत नाही हे ज्याला लहानपणी मार खाऊन कळलं, त्याचं ते स्वतःचं शिक्षण होतं. तो डबा उघडायचा, एकेक वायर माझ्याकडे वाकवायचा, मी रंग सांगायचो. करंटच्या जागी हिरवी सापडली की ती कापून लाल ओढायची आणि दोन्ही टोकांना मणी घालायचा. एकही शब्द जास्त नाही. असा विद्यार्थी मला एकोणतीस वर्षांत मिळाला नव्हता, आणि मिळाला तेव्हा मी त्याच्या फाइलवर अपात्र असं माझ्या अक्षरात लिहून दिलं होतं.

आठव्या डब्यापर्यंत अशा तीन हिरव्या निघाल्या. तिसरी निघाली तेव्हाही तो वर शांत होता. त्याने त्या वायरीला मणी घातला, त्यावरचा आकडा अंगठ्याने पुसून बघितला, आणि शिडीवरूनच विचारलं.

“सर, हे मनी आपल्या वर्कशॉपमधी होते?”

होते. पूर्ण पेटी होती. पोरं हरवतात म्हणून मी ती कुलपात ठेवत असे आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी तेवढी टेबलावर मांडत असे. त्याला काढून टाकलं त्या दिवशी त्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती.

“होते,” मी म्हणालो. “कपाटात.”

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग शिडी पुढे सरकवून त्याने नववा डबा उघडला, आतली वायर माझ्या दिशेने वाकवली आणि म्हणाला, “सांगा सर, ही कोनती?”